कासवाचं कुंपण

जनावरांच्या दवाखान्यात बाक एकच. त्यावर एका दांडग्या बाप्याने बायकोला शेजारी बसवलं आणि उरलेल्या जागेवर कासवाची टोपली मांडली. मी या वयात काखेत कोंबडी धरून उभी, आणि कासव बसलेलं. माणसाला काही लाज?

"अहो, नाक बघा त्याचं. पुन्हा रक्त आलंय."

"मी तरी काय करू? परसात एवढं कुंपण घातलं, सावलीला छप्पर केलं, तरी हे दिवसभर जाळीवरच नाक घासतंय."

"जाळी नको, फळ्या लावा म्हणत होते मी."

"फळ्या लावल्या तर बाहेरचं काय दिसणार? कोंडल्यासारखं वाटेल बिचाऱ्याला."

"दिसतं म्हणूनच धडका मारतंय! पलीकडचा भोपळ्याचा वेल दिसतो, वाट काही सापडत नाही."

"थकलं की थांबेल."

"थांबतंय कुठलं! काल जाळीखालून उकरत होतं. बाहेर शेजारचा कुत्रा जिभल्या चाटत बसलेला."

"मैत्री करायला आला असेल."

"हो, ताटवाटी घेऊन!"

मला हसू फुटलं. बाप्या माझ्याकडे वळला.

"आजी, तुम्हीच सांगा. मुक्या जिवाला भिंतीआड कोंडू का?"

"कोंड. हातभर जमिनीत पुरून फळ्याच लाव. समोर दिसतंय पण मिळत नाही, हा खरा छळ, बाबा. मला विचार. हा बाक मला केव्हाचा दिसतोय. उचल ती टोपली!"