व्होल्टेज वाढवून पाहिलं

आणि वर बाबा मलाच विचारतात, कॉम्प्युटर चालत होता ना? मग कशाला हात लावलास? म्हणजे बघा... तुम्हाला सांगतो, आमच्या घराच्या दारावर नावाची पाटी नाही, पण लावायचीच झाली तर हे वाक्य लावावं लागेल. बाथरूमचा नळ मला समजायला लागल्यापासून सुतळीने बांधलेला आहे, फ्रीजचं दार गुडघा मारल्याशिवाय लागत नाही, बाबांच्या चष्म्याला एकच काडी आहे आणि दुसऱ्या बाजूने तो त्यांनी कानाच्या भरवशावर सोडलाय, पण दुरुस्तीचं नाव काढा, की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

या नियमातून घरातली एकच वस्तू सुटली. मी. वास्तविक मी बरा चाललो होतो. पंचावन्न टक्क्यांवर, शांतपणे, कुणाला त्रास न देता, न तापता. पण नाही, बाबांना वाटलं याच्यात अजून दम आहे. मग सकाळचा क्लास, संध्याकाळचा क्लास, रविवारी सराव परीक्षा, आईचे भिजवलेले बदाम... आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात मी जो बंद पडलो तो पडलोच. तेव्हा नाही कुणी म्हणालं, चालत होता ना म्हणून. जाऊ दे. मी कॉम्प्युटरबद्दल सांगत होतो.

तर झालं असं, की एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओने मला परीक्षा म्हणून एक मिनिटाची फिल्म करायला सांगितली. पास झालो तर नोकरी. मी फिल्म केली ती अशी, की एक झुरळ जिना चढतंय. हसू नका, पायरीपायरीवर त्याचं प्रतिबिंब पडतं, मिशा वाऱ्याने हलतात, आणि शेवटच्या पायरीवर पोचल्यावर ते मागे वळून बघतं, त्या बघण्यातच सगळी गंमत. हलवाहलवीचं काम माझं झालं होतं, आता कॉम्प्युटरने एकेक चित्र रंगवून काढायचं होतं, आणि सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, आणि माझा कॉम्प्युटर ज्या चालीने चालला होता त्या चालीने ती निघाली असती बुधवारी. द्यायची होती सोमवारी सकाळी. नाही दिली तर काकांच्या दुकानात बसायचं, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. काका कमोड विकतात.

म्हणून मी ठरवलं, प्रोसेसर पळवायचा. ओव्हरक्लॉकिंग. त्यात अवघड काही नाही, कारखान्याने जो वेग ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगाने त्याला दामटायचा. जास्त पळवायचा तर खायला जास्त घालावं लागतं, ते खाणं म्हणजे व्होल्टेज. कमी घातलं तर उपाशी पडतो, काम अर्धवट टाकून स्क्रीनभर निळा पडदा दाखवून मोकळा होतो. जास्त घातलं तर तापतो, आणि फार तापला की आपणहून बंद होतो. या दोन मरणांच्या मधली फट शोधायची, बस.

आणि सापडली हो! शनिवारी अख्खी दुपार मी त्याच्यावर ताणाची चाचणी लावून समोर बसलो, बाळंतिणीच्या दाराशी बसावं तसा. एकदाही अडखळला नाही. म्हटलं, जमलं. फिल्म लावली आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर निळा पडदा.

ठीक आहे, उपाशी असेल. व्होल्टेज चिमूटभर वाढवलं. समोर बसलो, पोरगं गुणी. जेवायला गेलो, परत निळा पडदा. अजून चिमूटभर. खाली जाऊन आलो, पडदा. अजून चिमूटभर... तुम्हाला सांगतो, मी रॅम काढून पुसून बसवली, पिन दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली, टेबल भिंतीपासून ओढलं, इंटरनेटवरच्या एका जाणकाराला विचारलं, तर तो म्हणतो, तुझा नगच कमनशिबी. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी दोन निघतात, एक पळतो, एक धापा टाकतो, त्याला इलाज नाही. हे बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं, आणि म्हणाले, "हेच मी तुझ्याबद्दल म्हणतो तर तुला राग येतो."

आई म्हणाली, तू उठलास की रुसत असेल तो, जवळ बसून राहा ना. आणि हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. आमची आई खोटं बोलताना भांडी पुसते, पुसलेलीच भांडी परत पुसते. पण माझं डोकं त्या फटीत अडकलेलं, माझ्या कुठे लक्षात यायला! रविवारी दुपारपर्यंत व्होल्टेज मी इतकं चढवलं होतं की कुणी शहाणा माणूस चढवणार नाही, आणि आता तर पडदाही दिसेना, सरळ तापून बंद.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की हा माझ्यासमोर कधीच पडत नाही.

मी मोठ्याने म्हटलं, आंघोळीला जातो. बाथरूमचं दार आपटलं, नळ सोडला आणि पॅसेजमध्ये पडद्यामागे उभा राहिलो. बाबा पेपर ठेवून उठले. चवड्यांवर चालत माझ्या खोलीत गेले. आणि बगलेतून काय काढलं? कव्हर! जुन्या पडद्याच्या कापडाचं, खाली इलॅस्टिक, कडेला फ्रिल, आईने शिवलेलं. आमच्याकडे टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, म्हणून हेही शिवलं होतं, आणि त्यावरून मी महिन्यापूर्वी एवढा तमाशा केला होता की मला वाटलं ते कधीच कचऱ्यात गेलं. कचऱ्यात? हे दोघं ते मी उठलो की घालत होते आणि बाथरूमची कडी वाजली की काढत होते! बाबांनी ते चालत्या, धगधगत्या कॉम्प्युटरवर चढवलं, इलॅस्टिक खालपर्यंत ओढलं आणि वरून दोनदा थोपटलं.

"बाबा, हे काय?"

"धूळ बसते," बाबा म्हणाले. दचकलेसुद्धा नाहीत.

"चालू असताना?"

"चालू असतानाच बसते. ओढून घेतो तो."

"अहो, श्वास कोंडतो त्याचा."

"त्याच्या भल्यासाठीच घातलं ना पण."

बघा. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, त्याच माणसाच्या तोंडून, आणि तेव्हाही मी चालूच होतो.

कव्हर खिडकीतून खाली फेकलं, व्होल्टेज शनिवारी होतं तिथे उतरवलं, म्हटलं, अजून वेळ आहे. पण जास्तीच्या व्होल्टेजने प्रोसेसर आतून झिजतो, तसा तो झिजला होता. शनिवारी जिथे गुणी होता तिथे आता अडखळायला लागला. वेग कमी केला, अडखळला. कारखान्याच्या वेगावर आणला, तिथेही अडखळला. शेवटी त्याच्याही खाली आणला तेव्हा चालायला लागला, आणि बाबा दारातून म्हणाले, "चालतंय ना आता?" आणि आई खाली जाऊन कव्हर घेऊन आली, धुवायला टाकलं.

सोमवारी सकाळी झुरळ वरून तिसऱ्या पायरीवर होतं. तेवढीच फिल्म पाठवली. स्टुडिओचं उत्तर आलं, कल्पना छान, पण हे वर का पोचत नाही? मी काय लिहिणार? त्याच्या घरी वडीलधारी माणसं आहेत म्हणून?

आता मी काकांच्या दुकानात बसतो. तिथले कमोडसुद्धा प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहेत, दुकान उघडलं तेव्हापासून. काल गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभं, बिल निघता निघेना, काका वैतागून म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना रे? जरा पळव की याला."

मी वाकून काउंटरखाली बघितलं. तेच कापड, तेच इलॅस्टिक, तीच फ्रिल. आईने दिराला भेट दिलेलं. आत कॉम्प्युटर घोरत होता.

म्हटलं, "काका, चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

आणि फ्रिल एका बाजूने दुमडली होती, ती सरळ केली.