चांदणीने पाडलं नाही

बसा, बसून घ्या सगळे. मागे खुर्च्या आहेत. खरं सांगते, मला बोलायचं नव्हतं. दादांच्या सुनंदावहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुमी बोला," म्हणून उभी राहिले. बाळारामदादांना जाऊन आज तेरा दिवस झाले. त्यांच्या माणसांसमोर तोंड वर करून बोलायला मला जागा नाही.

तुम्ही त्यांना ओळखता. शिरढोणपलीकडच्या गावातला माणूस. बारा वर्षं माझ्या घोडेस्वारीच्या क्लासमध्ये त्यांनी घोडे सांभाळले, खारघरच्या टॉवरमधल्या मुलांना शिकवलं. घोड्यांशी तासन् तास गप्पा मारायचे. मी हसायचे.

गावात काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय. घोडी माजली होती. घोडी अपशकुनी आहे, हाकलून द्या. काल तिघं जण पागेत येऊन हेच सांगून गेले. मंडळी, काय झालं ते मी सांगते. मी तिथे होते.

दिवाळीनंतर ही घोडी, चांदणी, उडी मारताना उसळायला लागली. उडीसाठी लावलेला आडवा बांबू नीट ओलांडायची, पण पाय जमिनीला टेकले की मागचे दोन्ही पाय झाडायची. मी म्हटलं, नखरे आहेत. दादा म्हणाले, "मॅडम, जनावर उगाच नाय करत. खोगीर चावतंय तिला. उडीला पाठ वाकवायला लागते ना, तवा दुखतंय. महिनाभर उडी नको."

महिनाभर? स्पर्धा तोंडावर आली होती. मग मी काय केलं? खोगिराखाली आणखी एक जाड गादी घातली. चांगली मऊ, महागाची. माझ्या हाताने घातली. दादा म्हणाले, "बूट घट्ट हाय, त्यात दोन मोजे घातले तं पाय बरा होईल काय?" मी म्हटलं, दादा, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. असं म्हटलं मी. त्या माणसाला.

त्या सकाळी एका मुलीचा नंबर होता. दादांनी तिला खाली उतरवलं. "आधी मी बसतो." मी समोर उभी होते. थांबवलं का त्यांना? नाही! उलट ओरडले, "आज सोडू नका तिला, उडी मारूनच घ्या." चांदणीने बांबू ओलांडला. खाली आली, आणि दादांचं सगळं वजन त्या दुखऱ्या जागेवर आलं. ती उसळली. दादा खाली मानेवर पडले, ते परत उठले नाहीत.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी चांदणीची पाठ तपासली. नुसतं बोट लावलं तर घोडी थरथरली. खोगिराच्या पुढच्या कडेखाली दोन्ही बाजूंना सूज. माझ्या गादीने ती जागा आणखी आवळली होती. ती का उसळते ते आता मला समजलं. आता समजून काय करू? सांगू कुणाला?

वहिनी, मी माफी मागत नाही. माफ करण्यासारखं यात काही नाही. क्लास मी बंद करतेय. चांदणीवर पुन्हा कुणी बसणार नाही. पण त्याने दादा येणार आहेत का?

शिव्या द्यायच्या तर त्या घोडीला देऊ नका. दुखतंय हे ती सांगत होती. दादा सांगत होते. दोघांचंही मी ऐकलं नाही.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. कुणी काही बोलू नका. मीही बोलणार नाही. दादा बोलत होते, तेव्हा गप्प बसायला हवं होतं मी.