चार लिंबं आणि एक मसल कार

...आणि गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक वर म्हणे, सीट ओरिजिनल का नाहीत? अहो, ओरिजिनल सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, त्यांनाही सोबत विकायचं का? तक्रार नाही हं माझी, सांगतेय आपलं.

तुम्हाला सांगते, अडीच वर्षांपूर्वी आमचा श्रीरंग, माझा नवरा हो, रिटायर झाला आणि सोफ्यावर जो बसला तो बसलाच. सहा महिने! टीव्ही बंद, तरी हा बघतोय. "अरे, जरा चालून ये." "हं." "चहा घेतोस?" "हं." तीस वर्षं ज्याची बडबड थांबली नाही तो माणूस एका अक्षरावर आला हो. आणि मग एका शनिवारी टो ट्रक आला आणि आमच्या इथल्या, टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरासमोर अडुसष्ट सालची मसल कार उतरवून गेला. मसल कार म्हणजे काय, तर पुढे अवाढव्य इंजिन आणि मागच्या सीटवर मांजरसुद्धा मावायचं नाही. चौदा हजार डॉलर! "वसुधा, ही इन्व्हेस्टमेंट आहे. मॉडिफाय करायची, विकायची, पैसे डबल." सहा महिन्यांत पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलला, म्हणून मी चहा टाकायला गेले.

मग काय... नवे ब्रेक, नवा कार्ब्युरेटर, नवा एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप. त्या एक्झॉस्टच्या आवाजाने माझ्या देवघरातली घंटा आपोआप वाजायची. दोन वर्षांत आणखी सत्तावीस हजार गेले, आणि गराज तिने अडवलेलं, म्हणून माझी साधी गाडी बाहेर टेक्सासच्या गारा खात उभी. तक्रार नाही हं, सांगतेय आपलं.

गाडी तयार झाली. मी रीतसर पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, आणि तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक हजर. उंच माणूस, डोक्यावर हॅट. खर्जात विचारतो, "सर, टेल मी ऑनेस्टली, इज शी अ लेमन?" आता खटारा गाडीला इथे लेमन म्हणतात, हे श्रीरंगला काय माहीत नाही? पण डोक्यात पूजा! छाती फुगवून म्हणतो, "लेमन? येस, येस! फोर लेमन्स! माय वाइफ पुट देम!" तो माणूस हॅट सावरत जो गेला...

नंतरचे तर एकेक नग. ब्रेक बदलले? पाचशे कमी. एक्झॉस्ट बदलला? हजार कमी. म्हणजे बदलायला पैसे आम्ही घालायचे आणि का बदललं म्हणून हे कापणार! शेवटी एक रिटायर्ड शिक्षक आले, डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि बावीस हजार दिले. निघताना मी परत लिंबं ठेवली, श्रीरंगने त्यांना लेमनचा किस्सा सांगितला, ते पोट धरून हसले. लिंबं चिरडली, गाडी वळली, दिसेनाशी झाली... आणि हा परत सोफ्यावर.

मी हिशेब केला. एकोणीस हजार बुडाले, दोन वर्षांत, म्हणजे दिवसाला सव्वीस डॉलर. तेवढ्या पैशांत माझा नवरा रोज सकाळी शिट्टी वाजवत उठला, हाताला ग्रीस लावून आला, आणि माझ्याशी भांडलासुद्धा! सव्वीस डॉलरमध्ये इथला डॉक्टर नाडी तरी धरेल का? खरंच सांगते, त्या गाडीचे फार उपकार आहेत माझ्यावर.

रिकाम्या गराजमध्ये मी माझी गाडी लावली. "चहा घेतोस?" "हं." एक आठवडा नुसतं हं. आणि काल शनिवारी सकाळी दारात टो ट्रकची पीं पीं, आणि श्रीरंग हळूच विचारतो, "वसुधा, घरात लिंबं आहेत का गं?"

तक्रार नाही हं माझी. मी मुकाट्याने माझी गाडी बाहेर काढली. लिंबं होतीच... सोमवारीच आणून ठेवली होती मी.