लिंबाजीचं तोंड, बासष्ट टक्के

मंडळी, मला एक सांगा. माणूस ओळखायचा कशावरून? नाकावरून? डोळ्यांवरून? का त्याच्या वागण्यावरून? — आजोबा, तुम्ही हसू नका! परवा चष्मा नव्हता तर स्वतःच्या बायकोला ‘वहिनी, नमस्कार’ म्हणालात!

तर ऐका. आपल्या चिंचगव्हाणात लिंबाजी सोनटक्के म्हणून एक आहे. बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. असा वाजवतो, असा वाजवतो, की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायला लागतो! माणूस मात्र गरीब गाय. तोंडातून क्लॅरिनेट काढलं की तोंडात शब्द नाही.

यंदा भैरोबाच्या जत्रेला पोलिसांनी नवं मशीन आणलं. मशीन काय करतं? कॅमेऱ्यात येणाऱ्या जाणाऱ्याचं तोंड टिपतं, आणि पोटातल्या फोटोंशी जुळवून सांगतं — हा अमका, तो तमका! देव बिचारा हजार वर्षं गाभाऱ्यात बसून एवढी तोंडं बघतोय, कधी कुणाचा हिशेब मागितला? पण ह्यांना घाई!

दुपारी ऐन गर्दीत एका बाईच्या गळ्यातली बोरमाळ ओढली. चोर पसार! मशीनला विचारलं. मशीन म्हणालं — लिंबाजी सोनटक्के, बासष्ट टक्के!

बासष्ट टक्के! मंडळी, नवरा बासष्ट टक्के बरा आहे म्हटलं तर पोरगी द्याल का? मग तेवढ्यावर माणूस आत कसा टाकता?

पण टाकला! फौजदार वाघचौरे जीप घेऊन दारात. जेवत्या ताटावरून उठवला. सगळी आळी बघतेय. लिंबाजी हात जोडून म्हणतो, “साहेब, मी त्या दुपारी वरातीत वाजवत होतो. साहेब, तुमच्याच—”

“माझ्याच काय? तोंड बंद! मशीन खोटं बोलतं का?”

झालं! मशीन बोललं, माणूस गप्प.

दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा केला. न्यायाधीश देवस्थळीबाई. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आवाज हळू — आणि हळू आवाजाची बाई किती भारी पडते, ते घरोघरी ठाऊक आहेच!

वाघचौरे म्हणाले, “कोठडी पाहिजे, मॅडम.”

“बोरमाळ सापडली?”

“नाही.”

“त्या बाईनं याला ओळखलं?”

“तिला दाखवलं नाही. मशीननं ओळखलं ना!”

“याचा फोटो मशीनमध्ये आला कुठून? आधी काही गुन्हा?”

“नाही मॅडम. मिरवणुकीत वाजवायचा परवाना काढताना दिला होता त्यानं.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे वाजवायला दिलेला फोटो तुम्ही चोरांत नेऊन ठेवला. कोणत्या कायद्यानं?”

वाघचौरे वर बघतात. वर पंखा!

आणि तेवढ्यात मागून लिंबाजीची बायको कलावती उठली. “बाईसाहेब, हे लाजेनं सांगणार नाहीत, मी सांगते. फौजदारांच्या पुतण्याचीच वरात होती ती, निंबळकला! आणि फौजदार यांच्याच पुढं रस्त्यावर लोळत होते, दातात रुमाल धरून! नागीण झालेले! नवरीच्या भावाच्या मोबाइलवर आहे सगळं!”

अहो, जत्रेच्या बंदोबस्ताला असायचे ते वाघचौरे! तिकडं बोरमाळ गेली, आणि इकडं साहेब फणा काढतायत!

नवरीच्या भावाला बोलावलं. व्हिडिओ लावला. क्लॅरिनेट वाजतंय, लिंबाजीच्या गालांचे फुगे झालेत, आणि खाली धुळीत नागीण! शिपाई भिंतीकडं तोंड करून हसायला लागला. बाई मात्र हसल्या नाहीत.

“वाघचौरे, दुपारभर हा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर होता. तुम्ही ह्याला बघितलंच नाही?”

“मॅडम... बॅण्डवाल्याकडं कोण बघतं?”

बाईंनी चष्मा परत नाकावर चढवला.

बाई म्हणाल्या, “सारखा दिसतो म्हणजे तोच, असं होत नाही. मशीननं नाव सुचवलं तर तपास सुरू करा. नुसत्या त्यावर कुणाला धरायचं नाही. आणि जत्रेला आलेल्या प्रत्येकाचं तोंड टिपून ठेवायला लोक काही गुन्हेगार नाहीत. कशासाठी टिपता, कुणाच्या परवानगीनं, किती दिवस ठेवता, ते मला लेखी द्या. ह्याचा फोटो आधी मशीनमधून काढून टाका. आणि ह्याला आत्ता सोडा!”

सुटला! वाघचौऱ्यांची चौकशी लागली. वाजवा टाळ्या!

...झाल्या वाजवून? आता पुढचं ऐका.

गेल्या आठवड्यात आपल्याच गावात लग्न होतं. लिंबाजी वाजवत वाजवत मांडवाशी आला. तशा चार बायकांनी पदर ओढून गळे झाकले. एकीनं पोराला मागं घेतलं. कुणी बोललं नाही हं! लिंबाजीनं बघितलं. क्लॅरिनेट तोंडातून काढलं, पुसलं, पिशवीत घातलं आणि सूर अर्धा ठेवून घरी गेला.

मंडळी, मशीनला बाईंनी वेसण घातली. त्या चार बायकांना कुठल्या कोर्टात न्यायचं? मशीन निदान बासष्टवर थांबलं होतं. आपण शंभर टक्के केले!

लिंबाजी आज कीर्तनाला आलाय. तो बघा, मागं खांबाशी. — अहो, सगळे एकदम वळू नका, तो घाबरेल! त्याच्या दोन्ही बाजूंना सतरंजी रिकामी आहे. इथं पुढं तुम्ही मांडीला मांडी लावून दाटलाय, आणि तिथं पाच माणसं मावतील!

मृदंग थांबव रे. मी उभा आहे, मला घाई नाही. ती जागा भरली की मग गजर करू.