आंबरगडची थोरली तोफ

बसा मंडळी, बसा! खांबाला टेकलेले जरा सरळ व्हा. झोप लागली तर मला दिसतं, आणि घोरलात तर पखवाजवाल्यांचा ठेका चुकतो! भोंग्यावरून आवाज येतोय ना नीट? पार वेशीपर्यंत? झकास!

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तराची घाई करू नका. राजानं आपल्या हातानं सत्ता सोडली, तर तो मोठा कधी झाला? ‘सोडली’ म्हणाला तेव्हा? की ज्यांना दिली ते त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणाले आणि त्यानं ते मुकाट ऐकलं — तेव्हा?

माना सगळ्यांच्या हलल्या! उत्तर कुणालाच माहीत नाही! मग ऐका.

साहेबाच्या राज्यातली गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक एवढंसं संस्थान होतं, आंबरगड. बावीस गावं, एक गड, एक राजा. राजाचं नाव श्रीमंत हैबतराव, लोक नुसतं ‘सरकार’ म्हणायचे. आणि गडाच्या बुरुजावर एक तोफ, तिचं नाव थोरली! सरकारांच्या आजोबांनी लढाईत जिंकून आणलेली. रोज पहाटे सूर्य उगवायच्या आत ती उडायची. धडाड! आंबरगड जागं व्हायचं ते त्या आवाजानं. कोंबडा? कोंबडा तोफेनंतर आरवायचा! त्यालाही मानपान कळत होता!

आणि एक दिवस या सरकारांनी जाहीरनामा काढला. ‘मार्गशीर्षात बावीस गावांनी आपापली माणसं निवडून द्यावीत. त्यांची सभा भरेल. सभा ठरवील तो कायदा. आणि तो कायदा आम्हालाही लागू.’

आम्हालाही लागू! मंडळी, कुणी मागायला गेलं नव्हतं. मोर्चा नाही, दंगा नाही. राजा स्वतः म्हणतोय!

पण नुसतं म्हणून होतं का? लग्न ठरलं म्हणून लागतं का? मांडव कोण घालणार, आचारी कोण बघणार, रुसलेल्या मामाला कोण आणणार? राज्याचंही तसंच! आणि हे सगळं कुणाच्या डोक्यावर आलं? हेडकारकून अंतोबा पेठकर. चाळिशीचा माणूस, अंगानं काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पण कामाला वाघ!

अंतोबा गावोगाव फिरला. घराघरात जाऊन माणसं लिहिली — बाप्ये लिहिले, बायाही लिहिल्या. चार महिने! चपलांचे तीन जोड झिजले. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं युक्ती काढली. पडदा लावायचा. पडद्यामागं दोन मडकी, दोन वेगळ्या खुणांची. प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा. आत जायचं, हव्या त्या मडक्यात टाकायचा, बाहेर यायचं. आत दुसरं कुणी नाही. पाटील नाही, फौजदार नाही, नवरा नाही, सासू नाही!

बायका हसल्या बघा! सासूचं नाव काढलं की बरोबर कळतं!

बोरवाडीला पहिला प्रयोग झाला. नावं लिहिलेली माणसं एकशे चाळीस. मडकी उघडली — चिंचोके निघाले नऊशे बारा!

अंतोबाचा चष्मा नाकावरून घसरला. “पाटील! हे काय?”

पाटील हात जोडून उभे. “अवो रावसाहेब, सरकारनं जल्मात पैल्यांदा कायतरी मागितलं! एकच चिंचोका टाकायचा? बरं दिसतं व्हय ते? लोकांनी घरनं पिशव्या भरून आणल्या!”

हसू नका! त्या माणसांनी लबाडी केली नव्हती, मंडळी. देणं त्यांना ठाऊक होतं. मोजून, प्रत्येकाचं सारखं, हे ठाऊक नव्हतं. अंतोबा खाली बसला. म्हणाला, “पाटील, सरकारांनासुद्धा एकच मिळणार आहे.”

“सरकारला बी येकच?”

“एकच.”

 पाटील हळूच म्हणाले, “म्हंजे मी आन् सरकार... बरोबरीनं?” आणि मंडळी, त्या म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा नीट बांधला!

अंतोबा परतला आणि चिंचोके बंद केले. लोहाराकडून पत्र्याचे बिल्ले पाडून घेतले, वर संस्थानची मोहर. आणि सरकारांपुढं उभा राहून म्हणाला, “सरकार, मार्गशीर्षाच्या आधी एकदा तालीम करू. गडाखालचं शहर आणि लगतच्या चार वाड्या. काहीतरी साधा प्रश्न घेऊ. चुका आत्ताच होऊन जाऊ देत.”

सरकार खूश! “घ्या की! थोरलीच घ्या. ‘पहाटेची तोफ चालू ठेवावी की थांबवावी?’ सोपा प्रश्न. थोरली नको कोण म्हणेल?”

तुम्ही सांगा, कोण म्हणेल?

बुरुजाच्या अगदी खाली एक घर होतं, तान्हूबाई परटिणीचं. अंतोबा बिल्ला समजावून सांगायला गेला, तेव्हा ती दगडावर धुणं आपटत होती. हात न थांबवता म्हणाली, “रावसाहेब, चौदा वर्सं झाली मला हितं येऊन. पाच लेकरं वाढवली. एक बी दिवस पोर आपल्या झोपेनं उठलं न्हाई. दचकून उठतंय, भोकाड पसरतंय! सरकारांची तोफ, सरकारांचा मान, आन् रडणं माझ्या पदरात!”

“मग पडद्यामागं जा आणि तुमच्या मनाचं करा.”

आता तिचा हात थांबला. “आन् माझ्या मनाचं सरकारला न्हाई पटलं तर?”

“मानतील.”

“न्हाई मानलं तर?”

अंतोबानं हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “तर मी नोकरी सोडीन, तान्हूबाई. पुन्हा तुमच्या दारात कागद घेऊन येणार नाही.”

बघा, शब्द देऊन बसला! घरी बायको, दोन लेकी, म्हातारी आई!

तालमीचा दिवस उजाडला. चावडीपुढं ही रांग! नवी लुगडी, धुतलेली धोतरं — तालीम होती हे लोक विसरूनच गेले! सरकारही आले. अंतोबानं एक बिल्ला हातावर ठेवला. दिवाणसाहेब मागून फुरफुरले, “अरे, सरकारांना पुढं घ्या!” तर सरकार म्हणाले, “राहू दे. पुढं कोण आहे?” पुढं होता कोष्ट्यांचा सदू. त्याला तर घामच फुटला! मागं राजा उभा! पण हटला नाही. गेला पडद्यामागं. बाहेर आला तो छाती काढून!

संध्याकाळी मडकी उघडली. या खेपेला बिल्ला ना एक कमी, ना एक जास्त. मोजणी चोख! तोफ चालू ठेवा — तीनशे अकरा. तोफ थांबवा... आठशे सहा.



दिवाणसाहेबांनी चावडीचं दार लोटलं. अंतोबाच्या खांद्यावर हात ठेवला — हा दिवाण वाईट माणूस नव्हता बरं का, त्यालाही सुधारणा हवी होती. म्हणून तर जास्त अवघड! हलक्या आवाजात म्हणाला, “अंतोबा, ही तालीम आहे. खरं काही नाही. आकडे इकडचे तिकडे करा. सरकार दुखावले तर मार्गशीर्षाची निवडणूकच रद्द करतील. चार महिने फिरलात ना? ते सगळं एका तोफेपायी मातीत घालणार? एक खोटा आकडा, आणि बावीस गावांना राज्य मिळतंय!”

आता बोला मंडळी! तुम्ही असता तर? एका लहानशा खोट्यानं केवढं मोठं भलं होतंय! समोर बसलेले आबा तर म्हणतायत, ‘करून टाक!’

अंतोबालाही क्षणभर तसंच वाटलं. टाक त्यानं दौतीत बुडवलासुद्धा! पण डोळ्यांपुढं कोण आलं? बोरवाडीचे पाटील. पटका सोडून पुन्हा बांधणारे. त्यानं टाक खाली ठेवला.

“दिवाणसाहेब, तालमीतच मडकं फोडलं तर मार्गशीर्षात लोकांपुढं काय ठेवू?”

आणि कागद घेऊन तडक वाड्यावर गेला.

सरकार सदरेवर बसले होते. “काय पेठकर? किती जण थोरलीच्या बाजूनं?”

“तीनशे अकरा, सरकार.”

“आणि उरलेले?”

“आठशे सहा. ‘थांबवा’ म्हणतायत.”

सरकार हसले. मस्करी वाटली त्यांना! मग अंतोबाचं तोंड बघितलं आणि हसू विरलं. “आम्ही जन्मलो तेव्हा पाच वेळा उडाली होती ती,” ते म्हणाले. “आमच्या आजोबांची आहे.” पुढं काही नाही. ना हो, ना नाही. हातानं खूण केली — जा.

झालं! शहरभर बातमी. सरकार काहीच बोलले नाहीत. आणि हुकूम नसेल तर काय? बुरुजावरच्या इमाम गोलंदाजाला कायमचा हुकूम होता, रोज पहाटे तोफ उडवायची. हुकूम मोडायलाही हुकूम लागतो! म्हणजे ती उडणार. आणि उडाली, तर मडकी, पडदे, बिल्ले — सगळा पोरखेळ!

पहाट झाली. आंबरगड अंथरुणात जागं होतं. कुणी कूस बदलत नव्हतं. तान्हूबाईनं तान्ह्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवले होते. आणि अंतोबा? तो बुरुजावर चढला होता. राजीनामा लिहून खिशात!

इमामभाईंनी दारू ठासली, वात पेटवली. अंतोबाकडं बघून म्हणाले, “साहेब, मी काय करू? मला कुणी सांगितलंच नाही.”

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. सरकार! एकटे. ना पगडी, ना हुजऱ्या. धाप लागलेली. वर आले, थोरलीवर हात ठेवला आणि तिच्याकडं बघत उभे राहिले. पूर्वेला तांबूस व्हायला लागलं. इमामभाईंच्या हातात वात जळतेय.

सरकारांनी एकदम विचारलं, “इमाम, तीस वर्षं तू हिला सांभाळतोस. तू बिल्ला कुठं टाकलास?”

आणि अंतोबा मधे पडला! काटकुळा अंतोबा! “माफी असावी, सरकार. ते विचारता येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“तुमचाच जाहीरनामा. कलम नववं, मत गुप्त.”

मंडळी, आजोबांच्या तोफेजवळ उभ्या असलेल्या राजाला एक कारकून ‘विचारता येत नाही’ म्हणतोय!  वात चुरचुर जळतेय... आणि सरकार मोठ्यांदा हसले. “आमचंच कलम आम्हालाच! पेठकर, पक्कं काम केलंत तुम्ही!”

मग इमामभाईंकडं वळले. “विचारत नाही. पण तोफ थांबली तर तू काय करशील?”

इमामभाई कान पुढं करून म्हणाले, “जरा मोठ्यानं बोला, सरकार. हा उजवा कान थोरलीनं कधीच नेलाय!”

सरकारांनी त्यांच्या हातातली वात घेतली. शेजारी पाण्याची बादली होती. एकदा थोरलीकडं बघितलं. आणि वात पाण्यात बुडवली. चर्र!

“इमाम, हिला रोज पुसत जा. पगार चालू राहील,” सरकार म्हणाले. “आणि पेठकर, मार्गशीर्षाची तयारी सुरू ठेवा.”

सूर्य वर आला. तोफ नाही. खाली शहरात एक दार उघडलं. मग दुसरं. मग पन्नास! माणसं रस्त्यात येऊन उभी, बुरुजाकडं बघतायत. कुणी ओरडत नाही, कुणी नाचत नाही. नुसती उभी — ताठ! सदू कोष्टी ताठ, तान्हूबाई ताठ, काखेत पोर झोपलेलं! चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचं लेकरू सूर्य उगवला तरी झोपलं होतं!

आणि कोंबडा! तो बिचारा गोंधळला. तोफ नाही, आता आरवायचं कधी? शेवटी आपल्या हिमतीवर आरवला!

बुरुजावर सरकार कान देऊन ऐकत होते. म्हणाले, “पेठकर, आमचं शहर उठताना कसा आवाज करतं, ते आज पहिल्यांदा ऐकलं.” अंतोबानं खिशातला राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि त्याच बादलीत टाकले.

मार्गशीर्षात बावीस गावांची सभा भरली. नीट भरली. भरणारच! तालीम खरी झाली होती ना!

आता तुमची पाळी. आबा, मघाशी ‘करून टाक’ म्हणत होतात, बघा इकडं! आपण मंडळ काढतो, अध्यक्ष नेमतो, ग्रामसभेत हात वर करतो. मत आपल्या बाजूचं असेल तर लोकशाही! विरुद्ध गेलं की? ‘लोकांना काय कळतंय!’ घरात बाप म्हणतो, “मोकळेपणानं बोल रे बाळा.” बाळ बोललं की थोरली उडालीच म्हणून समजा!

हसताय? थांबा. मीही सुटत नाही यातून. हा भोंगा बघताय ना देवळावरचा? सप्ताहाचे चार दिवस झाले, पहाटे चारला लागतो. माझाच आवाज! मला लई अभिमान त्याचा, वेशीपर्यंत जातो म्हणून. आज सकाळी खालच्या आळीतली एक बाळंतीण मला पाया पडली आणि म्हणाली, “महाराज, पोर रात्रभर रडतं, पहाटे कुठं डोळा लागतो.” एवढंच बोलली आणि गेली. मी ‘बरं बरं’ म्हणालो. सरकारांसारखा गप्प बसलो, मंडळी, दिवसभर!

तर ऐका. देवळाच्या दारात आत्ता दोन मडकी ठेवतो. एक ‘पहाटे भोंगा लावावा’, दुसरं ‘भोंगा बंद ठेवावा’. मधे पडदा. चिंचोका एकेकालाच देणार — पिशव्या आणू नका! बाळंतिणीकडं मडकी घरी नेऊ. निघेल ते मी मानणार. तुमच्या आधी मी मानणार.

आणि पखवाजवाले बुवा, शेवटचा ठेका जरा हळू घ्या. आजूबाजूला कुणाचं तरी पोर झोपलं असेल.