जावळाला मामाची मांडी

थांबा थांबा दादा, कात्री न्हाई लावायची अजून — हिचा मामा येतोय साताऱ्याहून, निघालाय, म्हंजे निघाला असंल — जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं असतंय, तुमाला काय सांगायचं, तुमचा रोजचा धंदा. कीर्ते, दादांचा कंगवा सोड. बगा की केस कसं वाढल्यात, दीड वर्षाची पोरगी आन् वेण्या दोन. सासूबाई रोज मागं लागायच्या, वर्षाच्या आत काढायचं असतंय, लोक काय म्हणतील — मी म्हणायची, नवस हाय माझा. कसला नवस? कसलाच न्हाई. रिपोर्टची वाट बगत हुते. आन् आज आला बगा, मिरजेच्या दवाखान्यातनं सरळ तुमच्या दुकानात आले, घरीसुदा गेले न्हाई. पेढा घ्या. आवं, दुसरा घ्या, धाकट्या भावालाबी द्या तुमच्या.

कसला रिपोर्ट? सांगते की. मी विश्रामबागेत क्लासमधी सायन्स शिकवते — वर्गात शुद्ध बोलते हां, आज आनंदात माहेरचं तोंडातनं निघायलंय — तर एक विषाणू असतोय बगा, लय आगाव. त्याच्याकडं सोताचं काय न्हाई, नुसती एक चिठ्ठी आन् तीन कामगार. पहिला उलट्या डोक्याचा. आपल्या पेशीत कसं, मूळ प्रत आत जपून ठेवल्याली, तिच्यावरनं नक्कल निघती. हा गडी नकलेवरनं मूळ प्रत करतोय. दुसरा ती प्रत घेऊन गाभ्यात शिरतोय आन् आपल्याच जनुकांत मधी चिकटवून देतोय — सातबाऱ्यावर नाव लावलं म्हणा की त्यानं, आता जन्मभर निघायचं न्हाई. मग पेशी बिचारी त्याच्यासाठी राबती, प्रथिनांची लांबच्या लांब माळ काढती. आता शेतात आख्खा ऊस कोण लावतंय का? कांड्या कराव्या लागत्यात. तसा तिसरा कामगार कात्रीवाला, तुमच्यासारखा — रागावू नका, तुमी चांगलं कापता — तो माळ नेमकी तोडतोय, तवा कुठं नवा विषाणू कामाचा हुतोय.

आन् गोळी काय करती? विषाणूला मारती? न्हाई, तिथंच चुकत्यात सगळी — ती कामगारांचे हात धरती. माझ्या गोळीत तीन औषधं हायत, दोन त्या उलट्याला धरत्यात, एक चिकटवणाऱ्याला, रोज जेवण झालं की मी —

व्हय. माझ्या म्हणाले.

आता निघालं तोंडातनं तर निघालं. एचआयव्ही. पोटुशी हुते तवा तपासणीत कळलं. कुठनं आला, कसा आला, ते ऱ्हाऊ द्या. मला काय धाड भरलीय, बगा की, ठणठणीत हाय. पण हिच्यात जाऊ ने म्हणून गोळी चुकवली न्हाई, हिला जन्मल्या जन्मल्या औषध पाजलं, आन् आज शेवटची तपासणी — न्हाई. हिच्यात न्हाई दादा. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं, मग त्येच हसाय लागले. मला तर सकाळधरनं नाचावं वाटतंय.

तुमी लांब का सरला? ब्लेड का काढून टाकताय? आवं, तिला काय न्हाई, रिपोर्ट दावते की — आन् असतं तरी नुसतं शिवल्यानं काय — हां. नवं घालताय. सगळ्यांनाच नवं घालता. बरं. मला वाटलं... जाऊ दे, काय न्हाई वाटलं.

मामा? येईल की. शंभूराजला सकाळीच रिपोर्टचा फोटो धाडलाय, बगितलाय त्यानं, निळ्या खुणा आल्यात. बारशाला आला न्हाई तो. वहिनी काय म्हणाली असंल, घरात ल्हान पोरं हायत त्यांच्या. पण रिपोर्ट चांगला येऊ दे ताई, मीच मांडीवर घीन, असं म्हणाला हुता, त्याच्याच तोंडानं. थांबा, परत लावते. वाजतोय. एसटीत आवाज येत नसंल. कराड सोडलं की काय, आलंच — वाजतोय — कापला. रेंज गेली असंल.

परत वाजतच न्हाई आता. बंद केलाय.

बरं, तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय, मीच घेते मांडीवर. आईची मांडी चालत असंल की. कुठं लिवून ठेवलंय? मान का हलवताय? चालत न्हाई? मग मी आता मामा कुठनं आणू दादा, सख्खा एकच भाऊ हाय मला, आन् त्यो —

तुमी खाली का बसताय? पाट कशाला? आन् कात्री धाकट्याकडं का दिली? आवं, केस भरतील सगळे तुमच्या मांडीवर. कुणाला द्यायची? तुमाला?

घ्या. कीर्ते, जा मामाकडं.