ट्रॉलीवरची वीस मिनिटं

समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक बाई, व्यासपीठावरचे डॉक्टर, आज निवृत्त होणाऱ्या, सत्कारमूर्ती आपल्या सिस्टर, त्यांचे यजमान आणि सूनबाई, पुढच्या रांगेतल्या सफाई विभागाच्या मावशी, आणि ड्यूटी संपवून थकलेल्या पायांनी आलेले तुम्ही सगळे,

मला गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलंय. ते इतरांनी बोलून झालेत, माझ्यापेक्षा चांगले. मला वेगळं सांगायचंय. बाईंची परवानगी सकाळीच घेतली आहे.

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक. राज्य आणि धर्म यांनी एकमेकांपासून किती अंतरावर उभं राहावं, हे तीस वर्षं शिकवलं. नऊ वर्षांपूर्वी इथल्या एका रुग्णानं तक्रार केली, की माझ्या उशाशी कुणीतरी त्यांच्या धर्माची प्रार्थना म्हटली, मला विचारलंही नाही. तक्रार रास्त होती. नियम करायला समिती नेमली, तिच्यात मी होतो. कर्मचाऱ्यांच्या वतीनं सिस्टर होत्या. मी कलम लिहिलं : वॉर्डात कर्मचाऱ्यानं प्रार्थना म्हणायची नाही, रुग्णानं विनंती केली तरीही.

सिस्टर म्हणाल्या, "सर, पेशंटनंच हात धरला आणि म्हणाला, म्हणा काहीतरी, तर?"

"तर हात सोडवून घ्यायचा," मी म्हणालो. "हळूच."

सगळे हसले. कलम मंजूर झालं.

तीन वर्षांनी माझ्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी आठ वाजता मला ट्रॉलीवर घालून थिएटरबाहेर आणलं. आत तयारी चालली होती, वीस मिनिटं थांबायचं होतं. छताकडे बघता बघता माझे दात वाजायला लागले. चाळीस वर्षांत मी देवाचं नाव घेतलं नव्हतं. शेजारी सिस्टर उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला.

"सिस्टर, म्हणा काहीतरी. आई म्हणायची तसलं."

त्यांनी मला कलमाची आठवण करून दिली नाही. "तुमच्या आईचं मला येत नाही सर. माझ्या आईचं चालेल?"

मी मान हलवली. त्या हलक्या आवाजात म्हणत राहिल्या. शब्द मला कळले नाहीत. दात वाजायचे थांबले.

कुणीतरी ऐकलं, वर कळवलं. चौकशी लागली. मी बरा होऊन घरी आलो, तेव्हा पत्र आलं : प्रार्थना आपल्या सांगण्यावरून झाली का? 'हो' एवढं लिहायचं होतं; सिस्टरना नुसती समज देऊन सोडलं असतं. पण कलम माझं होतं. विद्यार्थी काय म्हणतील, सहकारी कसे हसतील, हे डोळ्यांपुढे आलं. मी लिहिलं, "औषधांच्या गुंगीमुळे मला काही आठवत नाही."

गुंगीचं औषध तोवर दिलंच नव्हतं.

वॉर्डाच्या प्रमुख असलेल्या सिस्टरच्या नावापुढे 'रुग्णाला न विचारता प्रार्थना' असा शेरा मारून त्यांना कपड्यांच्या कोठीत पाठवलं. नेमकी शीर पहिल्या टोचणीत सापडणारे हे हात सहा वर्षं चादरींच्या घड्या घालत राहिले. आणि मी? मी शिकवत राहिलो. माझ्या मांडणीतला नागरिक कायम स्वतःच्या पायांवर उभा असायचा, विचार करून बोलायचा. आडवा पडलेला, भेदरलेला माणूस तिच्यात कुठं होता? मी स्वतः तसा पडून आलो, तरी त्याला आत घेतलं नाही. नियमच नको होता, असं मी आजही म्हणणार नाही. पण नियम करणारा माणूस एवढा भित्रा नको होता.

या समारंभाचं बोलावणं आलं, आणि गेल्या मंगळवारी मी कोठीत गेलो. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर चादरीचं दुसरं टोक धरा." धरलं, आणि सगळं सांगितलं.

"तुमचं उत्तर मला वाचून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग मीच सांगितलं होतं, हे तुम्ही का नाही बोललात?"

"घाबरलेला पेशंट आपल्याशी काय बोलला, ते बाहेर सांगायचं नसतं, सर."

पुढच्या चादरीची घडी त्यांनी एकटीनंच घातली.

आज सकाळी मी खरं उत्तर लिहून बाईंना दिलं. सिस्टरच्या नावापुढचा शेरा त्या काढणार आहेत. सहा वर्षं मात्र कुणाच्याच हातात नाहीत.

अध्यक्षांचे आणि ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. सिस्टर, तुमचे कोणत्या तोंडानं मानू? बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढं सभेनं पोटात घालावं. बाकीचं घालू नये.